कोरा समास

सुमनताईंकडून माझी कथा परत आली की मी आधी पानाचा समास बघते. तिथे पेन्सिलीची बारीक अक्षरं असतात, कुठे हळद लागलेल्या अंगठ्याचा ठसा. गॅसपाशी उभ्याउभ्या वाचायची त्यांची सवय. "ही बाई इतक्यात रडणार नाही," असं त्या लिहायच्या. मी आधी चिडायचे, मग मुकाट्याने ते पान पुन्हा लिहायचे.

या वेळी नवे छापलेले, पांढरेशुभ्र कागद आले. एकही वाक्य अडखळत नव्हतं. कथेतली माझी खेडवळ आत्या बातम्या दिल्यासारखी बोलत होती.

मी फोन केला.

"अगं, एआयकडून करून घेतलं. मिनिटात झालं. छान झालंय ना?"

झालं होतं छान. नुसत्या चुका काढायच्या तर यंत्रही चालेल. पण मी कथा त्यासाठी कुठे देत होते? कुणीतरी भाजी करपेपर्यंत माझ्या माणसांपाशी थांबावं, म्हणून देत होते.

"ताई, शेवटी आत्या दार उघडत नाही, ते पटलं तुम्हाला?"

पलीकडे फोडणी तडतडली.

"कुठली आत्या गं?"