बटूचा शाम्पू

नलिनीबाईंचं नाव आधी घेतो. नामपूरच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज शाळेत विज्ञान शिकवतो, ते त्यांच्यामुळे. हे मी भर समारंभात सांगितलंय, मुलांना तर इतक्यांदा सांगितलंय की ती आता हसतात. पण त्याच बाईंच्या घरात मी काय केलं, ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठे? वडील कांदा मार्केटात गोण्या उचलायचे. कुणीतरी कॉलेज रोडवरच्या या निवृत्त शिक्षिकेचं नाव सांगितलं. बाई एकट्याच असायच्या. त्यांनी मागची खोली दिली, भाडं नको म्हणाल्या. "रविवारी माझ्या बटूला आंघोळ घाल, केस विंचर. तेवढं केलंस की खूप झालं."

बटू म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र पामेरियन कुत्रा. सकाळी बाई पायरीवर चहा घ्यायच्या. अर्धं बिस्कीट त्यांचं, अर्धं बटूचं. मग पेपरातल्या बातम्या त्यालाच सांगायच्या. "ऐकलंस का बटोबा, परत पाणीकपात!" रविवारी त्याला एक उकडलेलं अंडं. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

आंघोळीसाठी त्यांनी खास शाम्पू आणला होता. बाटलीवर कुत्र्याचं चित्र. मी झाकण उघडलं — आणि तो वास! आमच्याकडे डोक्याला आणि कपड्यांना साबणाची एकच वडी. कॉलेजातल्या मुलांचे केस कसे भुरभुरायचे, माझे तारेसारखे उभे. मी काय केलं असेल?

हो, तेच. बटूचा शाम्पू मी माझ्या डोक्याला लावला. एकदा नाही — वर्गात मुली असायच्या त्या प्रत्येक प्रॅक्टिकलच्या दिवशी.

मग बटूला काय? त्याला कपडे धुवायची पिवळी वडी. आणि नारळाचा काथ्या. यात काही वाईट करतोय असं मला वाटलंच नाही, हे खरं सांगतो. पोळ्याला आम्ही मोसम नदीत बैल असेच घासायचो. वडी फासायची, काथ्याने खसाखसा रगडायचं, बैल आरशासारखा चमकायचा. वडील एकदा खोलीवर आले, बाटली बघून म्हणाले, "कुत्राले बी शाम्पू? मंग बैलले काय अत्तर?" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पण बैल नदीत उभा असतो, वाहतं पाणी साबण घेऊन जातं. बटूच्या वाट्याला एक बादली. वरचे केस स्वच्छ दिसायचे, आतली दाट लव साबणाने चिकट राहायची. वरून मी टॉवेलने पुसून लगेच कंगवा फिरवायचो, गुंता जोर लावून ओढायचो.

काही आठवड्यांत तो खाजवायला लागला. आंघोळीनंतर पोट लालबुंद व्हायचं. पुढच्या पायांच्या बगलेत पुरळ. मग शेपटीच्या मुळाशी चाटून चाटून केस गेले, जखम ओली झाली. बाई घाबरल्या. आम्ही त्याला रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी केस फाकवले. मुळाशी पांढरी पूड होती. "कोंडा दिसतोय," ते म्हणाले. मला ती पूड ओळखता येत होती. माझ्या बनियनच्या शिवणीत न निघालेला साबण तसाच वाळायचा.

"आंघोळ कशाने घालता?"

"शाम्पूनेच," बाई म्हणाल्या. "हा घालतो ना. पोटच्या पोरासारखं करतो त्याचं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शाम्पूच ना रे? आणि नीट धुऊन काढतोस?"

मी म्हणालो, "हो सर."

एवढंच. बाई शेजारी बटूचं डोकं धरून उभ्या होत्या. वडी म्हटलं असतं तर बाटली कुठे जाते, हा प्रश्न पुढे होताच. खोली जाईल अशी भीती होती का? होती. पण त्याहून जास्त लाज होती — कुत्र्याचा शाम्पू लावणारा मुलगा म्हणून ओळखलं जाण्याची.

आंघोळीचा प्रश्न मिटला, म्हणून डॉक्टर खाण्याकडे वळले. अंडं बंद, बिस्कीट बंद. साधा भात आणि उकडलेली भाजी. मलम दिलं. मी त्या रविवारपासून गुपचूप शाम्पू वापरला, काथ्या फेकला, चार बादल्या पाणी ओतलं. बटू बरा झाला. श्रेय पथ्याला मिळालं — आणि मला. "याने किती सेवा केली," बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

पथ्य बटूच्या मरणापर्यंत चाललं. तो चहाच्या वेळी पायरीवर येऊन बसायचा, म्हणून बाई स्वयंपाकघरात दार लावून चहा घ्यायला लागल्या. तो बाहेरून दार खरवडायचा. मी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत ते रोज ऐकलं. रोज एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

बटू गेल्यावर बाईंनी कुत्रा पाळला नाही. परवा त्यांचा फोन आला, आवाजात किती उत्साह! ओझरहून भाच्याने पिल्लू आणून दिलंय. "याला मात्र पहिल्यापासून भातावरच ठेवलंय. मागचा अनुभव आहे ना." मी "हो" म्हणालो. पुन्हा तेच "हो". फोन ठेवला आणि लिहायला बसलो. पत्र पाठवलंय. ते असं —

आदरणीय बाईंस, सा. न.

बटूला अंड्याने किंवा बिस्किटाने काहीही झालं नव्हतं. मी त्याला कपड्यांच्या वडीने आणि काथ्याने धूत होतो आणि साबण केसांत तसाच ठेवत होतो. तुमचा शाम्पू मी माझ्या डोक्याला लावत होतो. डॉक्टरांसमोर मी खोटं बोललो. मला तिथेच खरं कळलं होतं, आणि तुम्ही दार लावून चहा घेत होता तेव्हाही ठाऊक होतं.

पिल्लाला बटूचं पथ्य लावायचं कारण नाही. आंघोळीनंतर त्याचं अंग लाल झालं, तर आधी आंघोळ कोण आणि कशाने घालतो ते बघा. त्याने "हो" म्हटलं तरी स्वतः बघा.

आपला,
भास्कर