हळद लावलेलं संमतीपत्र

निघायच्या सकाळी, अण्णा, तुम्ही आमचे दोन्ही पासपोर्ट आणि एक चिकटवलेलं पाकीट देव्हाऱ्यापुढं ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, पाकिटाला लाल दोरा गुंडाळला. आपल्या घरात खरेदीखत असो नाहीतर शाळेचा दाखला, देवाजवळ ठेवल्याशिवाय कागद उंबऱ्याबाहेर जात नाही. "दोरा तिकडं गेल्यावरच सोड. मधीच उघडू नगं," तुम्ही बजावलंत. जीप गंगापूरहून सुटली तेव्हा सात वर्षांची सई मागं बघून हात हलवत होती, आणि तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात.

पाकिटात सईच्या बापाचं संमतीपत्र होतं. घटस्फोट झालेली बाई एकटीच लेकरू घेऊन निघाली की बापाची परवानगी जवळ असावी. संभाजीनगरच्या कोर्टानं ताबा मला दिला असला तरी कॅनडात विचारतात, असं एजंटनं सांगितलं होतं. सईचा बाप वाळूजला कंपनीत. मला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं. "तू नगं जाऊ त्याच्या दारात, म्या आणतो सही," तुम्ही म्हणालात. केवढा आधार वाटला होता मला तेव्हा!

टोरंटोच्या विमानतळावर, तपासणीच्या काउंटरवर मी दोरा सोडला. तीन वर्षांच्या नोकरीसाठी आलेय, असं मी नुकतंच सांगितलं होतं. ऑफिसर बाईनं पत्र वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं. दीड महिन्याच्या सुट्टीपुरती परवानगी, त्यानंतर मुलगी गंगापूरला आजोबांकडे परत येईल. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच, लांब शेपटीची. लेकरू पळवून आणलेल्या बाईकडं बघावं तसं ती माझ्याकडं बघायला लागली.

आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. सई माझ्या मांडीवर झोपून गेली. चार वर्षं ज्याच्याशी बोलले नव्हते, त्याला मी फोन लावला. तोच गडबडला. "अण्णाच म्हणले, सुट्टीपुरतं लिहा. मला वाटलं तुझंच तसं ठरलंय." तासाभरात त्यानं नवं पत्र मेलवर पाठवलं, ऑफिसरशी स्वतः बोलला, आणि आम्हाला सोडलं. त्याचे आभार मानायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत, अण्णा.

तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "पोरगी माघारी आली आसती तर तूबी आली आसतीस." माया होती, कळतं मला. पण राहा असं तोंडानं एकदाही म्हणाला नाहीत. देवाच्या पुढ्यात ठेवून मला फसवलंत.

इथं बर्फातून बसस्टॉपकडं जाताना सई विचारते, आपलं घर कुठलं? माझ्या तोंडून अजून गंगापूरच येतं. उन्हाळ्यात आम्ही येतोही. परत निघताना तुम्ही पाकिटाला हळद लावता, दोरा गुंडाळता. मी देवाला हात जोडते. मग तिथंच खाली बसून दोरा सोडते आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. तेवढा वेळ तुम्ही अंगणात जाऊन उभे राहता.