चंद्रावरची गुळाची ढेप

आमचे रॉकेट मास्तर हजेरी घेण्याआधी उलटे आकडे मोजत. दहा, नऊ, आठ करत शून्य आलं की अख्खी नववी बाकांवर मागे रेलून डोळे मिटून घेई. कुंडलजवळच्या त्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला नवीनच गेले होते. दारावरून जाताना मला वाटलं, मुलांना काही बाधलं की काय. मास्तर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका बाई, यान आत्ताच सुटलंय. वजन वाढलंय सगळ्यांचं."

माणूस चंद्रावर उतरून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पदार्थविज्ञानाचा कुठलाही धडा मास्तर यानात बसल्याशिवाय पुरा करत नसत. एकदा त्यांनी तळाला भोक पाडलेला, पाण्यानं भरलेला डबा गच्चीवरून खाली सोडला. पडता पडता त्यातून थेंबही गळत नाही, तसंच यानातल्या माणसांना वजन जाणवत नाही, हे दाखवायचं होतं. डबा नेमका हेडमास्तरांच्या पायाशी आपटला. त्या चिंब झालेल्या माणसाला मास्तर वरून विचारत होते, "पण सर, वाटेत गळलं का?"

त्यांची नोकरी तात्पुरती होती. घरी म्हातारे आईवडील आणि लग्नाच्या दोन बहिणी. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला, तरच ते कायम होणार होते.

तपासणीच्या दिवशी मी वर्गात मागे बसले होते. साहेबांनी विचारलं, इथं अठरा किलो भरणारी गुळाची ढेप चंद्रावर किती भरेल? शेवंता उठली. तिच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं.

"कुठल्या काट्यावर, सर?"

साहेबांनी तिला खाली बसवलं. उत्तर तीन किलो, एवढंही शिकवलेलं नाही म्हणाले, आणि वहीत लिहू लागले. मास्तर पुढे झाले. स्प्रिंगच्या तानकाट्यावर तीनच, म्हणाले, पण तराजूत ढेपेबरोबर लोखंडी मापंही तेवढीच हलकी होतात, तिथं अठराच भरणार. मुलीचं बरोबर आहे. साहेबांनी वही मिटली. शेरा आला तो उद्धटपणाचा.

मी त्यांना म्हटलं, तेव्हा गप्प बसून दुसऱ्या दिवशी तिला समजावता आलं असतं.

"आलं असतं," ते म्हणाले. "पण तिनं परत कधी विचारलं असतं का?"

उन्हाळ्यात ते सांगलीला एका दुकानात कामाला निघाले. एस.टी.च्या थांब्यावर शेवंताचे वडील डोक्यावर ढेप घेऊन आले. "आवं मास्तर, तराजूत घालूनच आणलीया. चंद्रावर बी एवढीच भरंल बगा." मास्तर ढेप छातीशी धरून गाडीत चढले. गाडी सुरू झाली तशी शेवंता हळूच मोजू लागली, दहा, नऊ, आठ. तिच्याबरोबर मीही मोजलं.

फोनवर तुम्ही नातवंडं वर्गातल्या कुणाला हुशार म्हणता, कुणाला ढ. मी विचारते, कुठल्या काट्यावर? तुम्ही हसता. बाळांनो, तो प्रश्न माझा नाही, शेवंताचा आहे. तो पुसला जाऊ नये म्हणून एका माणसानं आपली नोकरी घालवली होती.