बंधाऱ्यापाशी अडलेल्या माहेरवाशिणी

"मासे चढले का रे?" जून उजाडला की आई हे विचारते, तेही मला. डोंबिवलीत बसून मी फार तर टाकीत पाणी चढलं का तेवढं सांगू शकतो. यंदा म्हटलं, जाऊन बघूनच येतो.

आईचं माहेर पालीच्या पुढे, अंबा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. पावसाचं पाणी वाहू लागलं की नदीतले मासे अंडी घालायला या ओढ्यातून थेट भाताच्या खाचरांत चढतात. याला वलगण म्हणतात. ओढ्यावर सिमेंटचा बंधारा झाला आणि वलगण जवळजवळ थांबली. गुडघे गेल्यापासून आईचं माहेरही थांबलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून खाली नेऊ म्हटलं की ती फणकारते, "मला कुणी उचललेलं चालायचं नाही. मी काय तांदळाची गोणी आहे?"

तुम्हाला जायचं असेल तर पनवेलहून पालीची एसटी धरा. वाकण फाट्यापर्यंत महामार्ग तुमची हाडं खिळखिळी करतो. फाटा सुटला की मात्र दोन्ही बाजूंना इतकं हिरवं असतं की खिडकी सोडवत नाही. पालीत बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, पोह्याचे पापड घ्या आणि पुढे सहा आसनी रिक्षा पकडा. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली असं चालकाला कधीच वाटत नाही.

मामी अंगणातच उभी होती.

"आलास भाचेबुवा! आन् आमच्या वन्सं?"

"गुडघे दुखतात गं तिचे."

"गुडघं न्हाय, हट्ट हाय तो."

जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची फोड. आईच्या हातची सुकट अगदी अशीच लागते. ती इथे असायला हवी होती.

पालीच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी गावाला यंदा ओढ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. कोणते मासे येतात, बंधाऱ्यापर्यंत पोचतात का, वर जातात का, एवढंच बघायचं. घरोघरी पाळी लावलेली. दुसऱ्या दिवशी पाळी वसंतामामाची होती, म्हणजे आईच्या धाकट्या भावाची. दिवसभर आम्ही प्लास्टिक पांघरून काठावर बसलो. गढूळ पाण्याखेरीज काही दिसलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आईचा फोन आला. "नाही गं," म्हणताना माझाच जीव तुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मामीने ओढ्यावरून हाक मारली. धावत गेलो तर बंधाऱ्याखाली पाणी नुसतं खदखदत होतं. मळे, खवल असे मासे, पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. उडी मारायचे, सिमेंटवर आपटायचे, खाली पडायचे, परत उडी. मामा हात मागे बांधून उभा.

"मामा, उचलून वर टाकूया की!"

"चढत्या माशाला हात लावायचा न्हाय," मामा म्हणाला. "बाळंतपणाला म्हायेरी आलेल्या लेकी हायत त्या. वाडवडलांपास्नं रीत हाय. अंडी घालून उतरतील तवाच धरायचं."

"पण आधी चढतील कशा?"

मग हळूहळू कळलं, बंधारा झाल्यापासून गाव दरवर्षी असंच हात मागे बांधून उभं राहत होतं. जीव सगळ्यांचा तुटायचा. रीत कुणी मोडली नाही आणि लेकी मात्र दारातूनच परत गेल्या.

मामीने पदर खोचला आणि पाटी घेतली. "लेक उंबऱ्याला अडखळली तर हात देत न्हाय व्हय आपण?" असं म्हणत ती पाण्यात उतरलीसुद्धा. पाटी बुडवायची, मासे आत आले की उचलून भिंतीपलीकडे सोडायचे. मामा थोडा घुटमळला, आणि मग दुसरी पाटी घेऊन मागोमाग. प्रत्येक खेपेला पुटपुटत होता, "जपून गो, जपून." मीही उतरलो. निम्मे मासे माझ्या हातून निसटले, त्यावर मामी पोट धरून हसली. दुपारी वरच्या खाचरात गेलो तर घोटाभर पाण्यात सगळीकडे सळसळ चाललेली. आईला दाखवायला फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती. इतकी आठवण मला तिची कधी आली नव्हती.

जाणार असाल तर जाळं नेऊ नका आणि खाचराच्या बांधावर विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

घरी पोचलो तेव्हा आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. सगळं सांगितलं.

"हात लावला? वसंताने लावू दिला?"

"शेवटी सगळ्यात जास्त पाट्या त्यानेच उचलल्या."

"तडफडल्या असतील बिचाऱ्या."

"पाटीत तडफडल्या. वर सोडल्यावर सरळ गेल्या."

आईने जिन्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावरची साडी सारखी करत म्हणाली, "वसंताला फोन लाव. म्हणावं, मी काही फार जड नाही."