नाही म्हणणाऱ्या बाई

"वरून ऑर्डर आहे" असं कोणी म्हटलं, की आमच्या मॅनेजरबाई भडकायच्या. "वरून फक्त पाऊस येतो. बाकी सगळं आपणच ठरवतो," असं ऐकवून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायच्या. पनवेल-उरण रस्त्यावरच्या गोदामात मी त्यांच्या हाताखाली मॅनेजरकी शिकलो, म्हणजे खरं तर वैताग गिळायला शिकलो.

गणपती जवळ आले की त्यांचा चेहरा उतरायचा. अर्धी माणसं तळकोकणातली, उरलेली गव्हाण-उलव्याची. गणपती सगळ्यांच्याच घरी, आणि ट्रक काही थांबत नाहीत. ज्याला रजा नाकारायची, त्याच्यापाशी बाई स्वतः चालत जायच्या. केबिनमध्ये बोलावणं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणं तर नाहीच. "नाही ऐकताना त्याला आपलं तोंड दिसलं पाहिजे. शिव्या घालायला बरं पडतं," म्हणायच्या. शिव्या बसायच्याही. मालवणला त्यांच्याही घरी गणपती असायचा, पण त्या कधी गेल्याचं मला आठवत नाही.

निवृत्त होऊन त्या करंजाड्याला मुलीकडे राहायला गेल्या आणि खुर्ची माझ्या गळ्यात पडली. पहिलेच गणपती जवळ आले तसा मी फोन केला, "मॅडम, गव्हाणच्या म्हात्रेला रजा देऊ का?"

"मला विचारू नकोस. माझं नाव सांगून मोकळा होशील."

मग गेलो म्हात्रेकडे आणि नाही म्हणून आलो. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं.

गणेश चतुर्थीला दुपारी बाईंच्या मुलीचा फोन आला. आई दवाखान्यात आहे, भेटून जा. मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्यांना अडकवून ठेवलेल्या माणसाने उठून जायचं तरी कसं? म्हात्रे समोरच होता. बाईंचं कळल्यावर म्हणाला, "जावा साहेब. सुटायची वेळ झाली तरी थांबतो मी. पन बाईंसाठी थांबतो, तुमच्यासाठी नाय."

दवाखान्यात पोचलो. बाईंची आणि माझी ती शेवटची भेट. बाई फार थकलेल्या दिसत होत्या. मला बघताच आठ्या घातल्या.

"गोदामात कोण आहे?"

"म्हात्रे. त्यानेच पाठवलं मला."

त्यांनी नजर छताकडे वळवली. "मला असं कधी कोणी पाठवलं नाही रे," म्हणाल्या.

मी म्हात्रेचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाईंनी हळूहळू कूस बदलली आणि माझ्याकडे पाठ केली. मला त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसत होते.