गरम पीठ

आमचा चक्कीवाला गिऱ्हाइकांशी धड बोलत नाही. त्यानं मान हलवली की समजायचं, दळण घेतलं.

विसरायचा आजार जडल्यापासून आई दळलेलंच पीठ पुन्हा दळायला नेते. तो निमूट डबा घेतो, चालत्या चक्कीला टेकवून तापवतो आणि परत देतो. ताजं पीठ गरम असतं, हे आई विसरलेली नाही. ती हात घालून बघते.

काल दुपारी आई घरात दिसेना. धावत चक्कीवर गेलो. लाइट गेलेली, चक्की बंद. पण आई सावलीत बसलेली. जीव भांड्यात पडला. डबा मात्र भर उन्हात होता.

“उन्हात काऊन ठेवला?”

“लाइट नाही ना,” तो खेकसला. “मायले पीठ गरम लागते.”

आईनं डब्यात हात घातला. “झालं दळून. चाल घरी,” म्हणाली.