गोव्याहून अकराच्या आत

मुन्नालाल सेठ कोणाला फुकटात बिडीसुद्धा देत नसे. म्हणून त्याने रत्नपालला बायकोसकट आठ दिवस गोव्याला पाठवतो म्हटलं, तेव्हा रचनाला आधी संशयच आला.

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना करंजटोला लागतो. मुन्नालालची राइस मिल गावाच्या तोंडाशीच. रत्नपाल रंगारी अकरा वर्षांपासून तिथं मशीनवर होता. त्याची बायको रचना सातवी पास, रोवणी-कापणीला मजुरीने जाणारी, दोन लेकरांची माय. आणि डिसेंबर २००५ मध्ये ती ग्रामपंचायतीची नवी मेंबर होती. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

मेंबर ती हौसेनं झाली नव्हती. बौद्ध मोहल्ल्यातून नाल्याकाठच्या मसणवटीकडे जाणारी वाट मुन्नालालने हळूहळू आपल्या धानाच्या बांधीत घेतली होती. एका वर्षी शेताचा धुरा सरकला, दुसऱ्या वर्षी काटेरी तार आली, तिसऱ्या वर्षी वाटेवर धान उभा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात रचनाचा सासरा गेला. तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागली. पुढचा डावा खांदा रत्नपालचा होता. त्याचा पाय सटकला आणि म्हातारा उभ्या धानात पडला. बापाला चिखलातून उचलून पुन्हा बांधावं लागलं. वर संध्याकाळी मिलचा मुनीम घरी येऊन सांगून गेला की धान फार तुडवला तुम्ही लोकांनी. त्या दिवशी रचनाने चूल पेटवली नाही. निवडणूक लागली तेव्हा ती कोणाच्याच पॅनलमध्ये गेली नाही, एकटी उभी राहिली आणि अकरा मतांनी निवडून आली.

आता हिशेब असा. मेंबर सात. सरपंचपद बाईसाठी राखीव, आणि सरपंच मेंबरांनीच निवडायचा. मुन्नालालची बायको रीता उभी, तिच्याकडे तीन. समोर सुमित्राबाई, पाच एकर धानाची साधी शेतकरीण, तिच्याकडेही तीन. सातवी रचना. तिने दोघींनाही एकच विचारलं होतं, मसणवटीची वाट मोकळी करून देता का, लिहून द्या. सुमित्राबाईने मुलाच्या वहीचा कागद फाडून लिहून दिलं. मुन्नालाल हसला. म्हणजे रचनाचं मत कुठं पडणार हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ती सभेला आलीच नाही तर मात्र तीनाला तीन, आणि मग चिठ्ठी. मुन्नालालच्या गावात चिठ्ठी कोणाची निघते, हे काय सांगावं लागते?

रचनाने नवऱ्याला विचारलं, सभा कधी आहे ते आधी सांगा. तो म्हणाला, पाच जानेवारीच्या नंतर, सेठ स्वतः तहसीलमध्ये विचारून आला. आपण तीस तारखेला तिथून परत निघतो, एकला घरी.

"तू काऊन शंका करून राहिली?" तो म्हणाला. "चौदा वर्षं झाली लग्नाला. दीक्षाभूमी सोडून कोठी नेलं का मी तुले?"

हे त्याने अशा तोंडाने म्हटलं की तिला नाही म्हणवलं नाही. मिलच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर समुद्र आणि नारळाची झाडं. अकरा वर्षं कोंड्याच्या धुळीत त्याने तेच चित्र पाहिलं होतं. नवऱ्याचं एवढंसं सुख बायकोनं मोडू नये असं तिला वाटलं. हीच तिची चूक. गरिबाला फसवायचं तर त्याला धमकी द्यायची गरज नसते, त्याच्या मनातलं एखादं चित्र माहीत असलं की पुरतं.

एकवीस तारखेला ते निघाले. थंडी अशी की मडक्यातलं पाणी दात ठणकवी. सासू अन्नपूर्णाबाईंच्या हाती लेकरं सोपवली, बॅगेत स्वेटर, शाल, कानटोपी कोंबली. सोबत मॅनेजर म्हणून मुन्नालालचा साळा घनश्याम. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर, तिथून बसने गोवा. तिकिटं, खोलीची चावी, सगळं घनश्यामकडे.

गोव्यात घाम निथळत होता. डिसेंबरात पंखा लावून माणसं झोपतात हे रचनाने पहिल्यांदा पाहिलं. रत्नपालने पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरून नारळाच्या झाडांची छापील हाफ पँट घेतली आणि छातीभर पाण्यात जाऊन पोरासारखा ओरडला. हा माणूस असा ओरडू शकतो हे चौदा वर्षांत तिला माहीत नव्हतं. ती वाळूत चपला राखत बसली. उद्या उतरते म्हणाली. तिचं लक्ष पाण्यात नव्हतंच, घनश्यामच्या शर्टाच्या खिशात होतं. परतीचं तिकीट दाखवा, असं ती रोज म्हणायची. तो रोज खिसा थोपटायचा.

"भाभीजी, टेन्शन मत लो. घूमने आए हो, घूमो."

गावात फोन फक्त भैय्यालालच्या किराणा दुकानात. भैय्यालाल ना इकडचा ना तिकडचा, फोन आला की मोहल्ल्यात पोरगं धाडून रचनाच्या लेकीला बोलावून देई. चोवीसला घनश्यामने दिवसभर देवळं आणि चर्च दाखवली, फोन करायला सवडच दिली नाही. पंचवीसच्या संध्याकाळी, रस्त्यावर नाताळची गर्दी असताना, रचना हट्टाने एका फोनच्या बूथवर गेली. घनश्याम काचेला टेकून उभाच.

थोरली खुशबू सहावीत होती. ती म्हणाली, "आई, काल कोतवालानं दारावर कागद डकवला. आजीले वाचता येत नाही. मी वाचू?"

"वाच."

पोरीने शाळेत धडा वाचतात तसं एका सुरात वाचलं. सरपंच, उपसरपंच निवडणुकीची सभा. बुधवार, दिनांक अठ्ठावीस डिसेंबर. सकाळी ठीक अकरा वाजता.

काचेपलीकडून घनश्याम तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती म्हणाली, "हव. दूध पीत जा. आजीले सांग, पांघरूण घेऊन झोप." आणि फोन ठेवला.

सब ठीक, असं घनश्यामने विचारलं. लेकराला सर्दी झाली, असं तिने सांगितलं. फोनचे पैसे दिले आणि चालू लागली.

वाळूवर आल्यावर घनश्याम एका टपरीत ग्लास घेऊन समुद्राकडे तोंड करून बसला. ती नवऱ्याला घेऊन थोडी पुढे गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. रत्नपाल आधी मानायलाच तयार नव्हता. पोरीनं चुकीचं वाचलं असेल म्हणाला. मग चिडला, आणि राग निघाला तो बायकोवरच.

"आता परत गेलो तर सेठ मले मिलमधून हाकलते. मग काय खाशील? वाट खाशील?"

रचनाही काही गाय नव्हती. तिने आवाज चढवला नाही, कारण मागे घनश्याम होता. ती म्हणाली, "बाबा धानात पडले तवा पुढचा खांदा कोणाचा होता?"

त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग त्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"बस कोठून भेटते?"

बॅग खोलीत, खोलीची चावी घनश्यामकडे. मागायला गेलं तर संपलं. दोघं टपरीपर्यंत आले, पाय भिजवून येतो म्हणाले. घनश्यामने हात हलवला, दूर मत जाना. ते ओल्या वाळूच्या कडेने चालू लागले आणि चालतच राहिले. पाणी दोन हातांवर होतं. रचनाला एकदाही त्यात पाय घालायचं सुचलं नाही. पुढे एका गल्लीतून वर रस्त्यावर आले, तिथून म्हापशाचा स्टँड, आणि कोल्हापूरच्या बसची मागची सीट. कमरेच्या बटव्यात तिच्या धानकापणीच्या मजुरीचे पैसे होते, त्यांच्यावर तिकिटं निघाली. मुन्नालालचा एक पैसा त्यात नव्हता, हे ती आजही ठासून सांगते.

कोल्हापूरला पहाटे उतरले तेव्हा रत्नपाल हाफ पँटीत, ती पातळ साडीत, पायांत प्लास्टिकच्या चपला. गाडी दुपारी. तोवर ते फलाटावर खांबाआड बसून राहिले. घनश्यामने रात्रीच सेठला फोन केला असणार, कोणी आलं तर? बूट घातलेला प्रत्येक माणूस तिला मिलचाच वाटे. जनरल डब्यात दाराजवळ जागा मिळाली. गाडी सत्तावीसच्या संध्याकाळी तिरोड्याला पोहोचायची. म्हणजे रात्रभर घरी झोपून सकाळी आरामात सभेला. गाडी हलली तेव्हा तिने पहिल्यांदा काही खाल्लं.

वर्ध्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे काही बंद पडलंय, असं लोक म्हणत होते. एक तास, तीन तास, सहा तास. थंडी डब्यात शिरली. एकच टॉवेल, तो दोघांनी गुडघ्यांवर घेतला. रचना घडीघडी शेजारच्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ पाही, शेवटी त्याने ते काढून तिच्या हातात दिलं, घ्या बाई, तुम्हीच धरा. रत्नपालचे दात वाजत होते.

"तू त्या दिवशी नाही म्हणाली असती तर?" तो म्हणाला.

"तुमचं तोंड पाहून नाही म्हणवलं नाही."

"माझं तोंड पाहत जाऊ नको मग."

तेरा तास उशिरा, अठ्ठावीसच्या सकाळी सव्वानऊला गाडी तिरोड्याला लागली. करंजटोल्याकडे जाणारी काळीपिवळी जीप बाहेर उभी होती, पण आत चारच माणसं. दहा सीटा भरल्याशिवाय हलणार नाही, ड्रायव्हर म्हणाला. रचनाने त्याला समजावलं, मग झापलं. शेवटी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि कंडक्टरसारखी ओरडू लागली, करंजटोला, करंजटोला, चला बसा! नवऱ्यालाही ओरडायला लावलं. नारळाच्या झाडांची हाफ पँट घातलेला माणूस धुक्यात गिऱ्हाईक बोलावतो आहे, हे पाहायला तरी लोक थांबले. त्यातलेच चार बसले, या दोघांसकट दहा झाले. दहा वाजून दहा मिनिटांनी जीप निघाली.

ग्रामपंचायतीसमोर उतरले तेव्हा अकराला सात मिनिटं होती. दाराशी मुन्नालाल उभा, पांढऱ्या शर्टावर नवं जाकीट. त्याच्या तोंडाचा रंग गेला, पण माणूस कसलेला. लगेच हसला.

"अरे रत्नपाल, ठंड में ये क्या पहना है? घर जाके कपड़े बदल. बाई, तुम्हीही हातपाय धुऊन या. साहेब थांबतात, मी सांगतो त्यांना."

घर गावाच्या त्या टोकाला. जाऊन यायला वीस मिनिटं. रत्नपाल सवयीने मागे वळलाही होता. अकरा वर्षं सेठने जा म्हटलं की तो गेला होता. रचनाने त्याचा दंड धरला.

"साहेब कपडे पाहत नाहीत, सेठ. हात मोजतात."

आणि ती आत गेली. मेंबर नसलेल्यांना आत बंदी, म्हणून रत्नपाल बाहेर ओट्यावर बसला, उघड्या पोटऱ्या पोटाशी घेऊन. गाव हसत होतं. कोणी विचारलं, गोव्यात काय खाल्लं? त्याने पोटऱ्यांवर टॉवेल ओढला आणि बंद दाराकडे पाहिलं. रचनाला सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं, पण त्या दहा मिनिटांत त्याला एकच वाटत होतं, की आत तिला कोणी वाईट बोलू नये.

तहसीलच्या साहेबाने नावं वाचली. रीताबाईला तीन हात. सुमित्राबाईला तीन हात, आणि मग चौथा, थंडीने काळानिळा पडलेला.

दुसऱ्याच दिवशी रत्नपालला निरोप आला, आता मिलमध्ये यायची गरज नाही. त्याने पुढे तिरोड्याला हमाली केली, मग धान विकत घेऊन भरडून द्यायचं काम धरलं. वाट काही लगेच मोकळी झाली नाही. मोजणी, हरकत, पुन्हा मोजणी, यात दोन पावसाळे गेले. सुमित्राबाई मधे डगमगली तेव्हा रचनाने तिच्या मुलाच्या वहीचा तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिसऱ्या वर्षी मुरूम पडला. आता त्या वाटेने दोन बैलबंड्या शेजारून जातात.

सभेनंतर लगेचच्या जानेवारीत घनश्याम त्यांची बॅग घेऊन आला होता. सेठने पाठवलं नव्हतं, त्याचा तोच आला होता. स्वेटर, शाल, कानटोपी, रत्नपालची लांब पँट, सगळं घडी करून. तळाशी वाळू. रचनाने चहा दिला आणि विचारलं, तीस तारखेची ती तिकिटं तरी दाखवा आता. घनश्यामने कप खाली ठेवला. तिकिटं काढलीच नव्हती, म्हणाला. सभा झाली असा सेठचा फोन आल्यावर काढायची होती.

तो गेल्यावर रत्नपालने बॅग अंगणात उलटी करून झटकली. अन्नपूर्णाबाईंनी वाळू बोटावर घेऊन पाहिली आणि सुनेला विचारलं, समुद्राचं पाणी खरंच खारं असते का. रचना म्हणाली, यांना विचारा, मी चाखलं नाही.